स्टोन टाउन (झांझिबार) मधली खरेदी : मसाले, कांगा, टांझानाइट – काय घ्यायचं, कसं पारखायचं?

वाटसरू_७

नमस्कार मंडळी,

टांझानियातल्या झांझिबार बेटावर जायचं पक्कं झालंय. शेवटचा मुक्काम स्टोन टाउनमध्ये आहे. गुरुवारी दुपारी पोचणार, शनिवारी दुपारी निघणार. म्हणजे गुरुवारची संध्याकाळ, अख्खा शुक्रवार आणि शनिवारची सकाळ एवढाच वेळ. खरेदी त्यातच उरकायची आहे. आम्ही चौघं आहोत, घरच्यांसाठी आणि दहाएक नातेवाइकांसाठी काहीतरी घ्यायचंय.

प्रश्न असे :

१. मसाल्यांचं बेट म्हणतात, पण लवंग-दालचिनी तर आपल्या डब्यातही असते. तिथून आणण्यात खरंच अर्थ आहे का? असेल तर नेमकं काय आणि किती?
२. कांगा नावाचं कापड कुठे मिळतं आणि घेताना काय बघायचं?
३. टांझानाइट या निळ्या खड्याच्या खरेदीच्या भानगडीत पडावं का? लाकडी मूर्ती, चित्रं यांचं काय?
४. डॉलर न्यावेत की तिथले शिलिंग काढावेत?
५. विमानतळावर अडवतील असं काही आहे का?

"सगळं छान मिळतं" अशी उत्तरं बरीच वाचून झाली आहेत. खरेदी केलेल्यांनी जरा तपशिलात सांगा.

---

गलबत

पैसे, वेळ आणि भाव यांचं आधी सांगतो. मसाले आणि कापडाचे जाणकार येतीलच.

शिलिंगच वापरा. टांझानियाच्या मध्यवर्ती बँकेने २०२५ पासून देशांतर्गत व्यवहारात परकीय चलनात किंमत लावायला आणि घ्यायला मनाई केली आहे. तरी काही दुकानदार सवयीने डॉलरमध्ये आकडा सांगतात. तो ऐकायचा आणि "शिलिंगमध्ये किती?" असं विचारायचं. एका डॉलरला अडीच हजार शिलिंगच्या आसपास भाव असतो. डोक्यात एक साधा हिशेब ठेवा : १०,००० ची नोट म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आगेमागे. सगळ्यात मोठी नोट तीच, त्यामुळे थोड्या पैशांतही पाकीट फुगतं.

रुपये तिथे कोणी बदलून देईल या भरवशावर जाऊ नका. (गंमत म्हणजे १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झांझिबारमध्ये रुपयाच चालायचा!) डॉलर न्या आणि अधिकृत चलन-दुकानात बदला. नोटा ५० आणि १०० च्या असाव्यात, त्यांना सुट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. २००६ च्या आधी छापलेल्या, फाटक्या, शाईचा ठिपका पडलेल्या नोटा परत केल्या जातात, म्हणून इथून घेतानाच एकेक नोट उलटून बघा. एटीएममधून एका वेळी बहुधा ४ लाख शिलिंगच निघतात आणि प्रत्येक वेळी शुल्क कापलं जातं. कार्ड मोठ्या दुकानांत चालतं, पण काही टक्के वर लावतात. बाजारात रोखच.

तिथल्या स्वाहिली भाषेतले आकडे ऐकायला सोपे आहेत. "मिया" म्हणजे शंभर, "एल्फू" म्हणजे हजार आणि "लाकी" म्हणजे चक्क आपला लाख. "बेई गानी?" – किंमत काय. "पुंगुझा किदोगो" – थोडं कमी करा. "बेई या म्विशो?" – शेवटचा भाव. पण दुकानात शिरल्या शिरल्या भावाला हात घालू नका. आधी "हबारी", वयस्कर माणूस असेल तर "शिकामो". नमस्कार-चमत्कार न करता किंमत विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात, आणि मग भावही तसाच लागतो.

घड्याळाचा घोळ लक्षात ठेवा. स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्या घड्याळापेक्षा सहा तासांचा फरक. "साआ तातू" म्हणजे शब्दशः तीन, पण वेळ सकाळचे ९. "साआ नाने" म्हणजे आठ, पण वेळ दुपारचे २. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण बदलून सांगतात, तरी शिंप्याकडे कापड टाकलं असेल तर "आपल्या घड्याळात किती?" हे बोट दाखवून पक्कं करा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला साधारण १२ ते २ बरीच दुकानं बंद असतात. रमजान असेल तर दिवसाचं सगळं वेळापत्रकच पुढे सरकतं.

शेवटचं : गल्लीत "माय फ्रेंड" म्हणत मागे लागणाऱ्यांना तिथे "पापासी" म्हणतात. शब्दाचा अर्थ गोचीड. यापेक्षा चपखल नाव सापडणार नाही. पापासीबरोबर दुकानात शिरलात की त्याचं कमिशन तुमच्या किमतीत चढलंच म्हणून समजा. "हपाना, असांते" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून कारणं देत बसायचं नाही.

---

जायपत्री

मसाल्यांचं मी सांगते. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर : वेलची, मिरी, हळद, आलं यांपैकी काहीही आणू नका. ते आपल्याकडे तितकंच चांगलं मिळतं. "पिलाऊ मसाला", "चहा मसाला" अशा दळलेल्या पुड्या तर अजिबात नको. त्या कधी दळल्या हे कळायला मार्ग नसतो आणि उन्हात टांगलेल्या सेलोफेनच्या पुडीत तेल उडून गेलेलं असतं. स्मरणवस्तूंच्या दुकानांत दिसणाऱ्या सुबक टोपल्या, त्यात दहा-बारा चिमुकल्या पुड्या – त्या फोटोपुरत्या.

आणायच्या चारच गोष्टी : लवंग, दालचिनी, सालीसकट जायफळ आणि व्हॅनिलाच्या शेंगा.

लवंग (काराफू). बहुतेक पीक शेजारच्या पेंबा बेटावरचं. लवंगेची घाऊक खरेदी आणि निर्यात सरकारी महामंडळाच्या हातात आहे, म्हणून पाच-दहा किलोंची पोती उचलायचा विचार नको. घरगुती वापराला पाव-अर्धा किलो ठीक.

पारखायची कशी? मूठभर हातात घ्या. रंग तांबूस तपकिरी हवा, काळपट नको. देठाच्या टोकावर चार पाकळ्यांचं बोंडूक आणि त्यात गोल डोकं शाबूत हवं. निम्म्या लवंगांची डोकी गळली असतील तर माल जुना किंवा हाताळून हाताळून थकलेला. मग एका लवंगेच्या देठात नख रुतवा. तेलाचा ओलसर डाग नखावर दिसला पाहिजे. मोडली तर कट्कन मोडावी. वाकली तर आत ओल आहे आणि महिन्याभरात डब्यात बुरशी धरेल. फिकट, सुरकुतलेल्या, पांढरट लवंगा दिसल्या तर त्या वाळवताना आंबलेल्या असतात. व्यापारात त्यांना "खोकर" म्हणतात, तो ढीग सोडून पुढे जा.

अजून शंका असेल तर मुक्कामाच्या जागी आणून पाण्याच्या ग्लासात टाका. तेल असलेली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी तरंगते. तेल काढून घेतलेली आडवी पडते. त्यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येक दुकानातून थोडीशीच घ्यायची आणि पसंत पडलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुरी खरेदी करायची.

दालचिनी (म्दालासिनी). आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड, एकाच थराची, लाकडासारखी टणक साल, म्हणजे कॅसिया. झांझिबारमध्ये खरी दालचिनी होते : कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले, विडीसारखी नळी, बोटांनी चुरगळता येते. पण बाजारात दोन्ही दिसतात, आणि शिवाय जाड सालीचे ओबडधोबड तुकडेही असतात. आडवा छेद बघा. थर मोजता आले तर घ्या. १०० ग्रॅम भरपूर झाली, पातळ असल्यामुळे ढीगभर दिसते. पुलावापेक्षा खिरीत, फळांच्या मुरांब्यात जास्त शोभते. मटणाच्या रश्श्याला मात्र आपली जाडीच बरी.

जायफळ (कुंगुमांगा). आपल्याकडे सोललेलं मिळतं, तिथे टणक तपकिरी कवचासकट मिळतं. तेच घ्यायचं. कवचात ते वर्षानुवर्षं टिकतं आणि कीड लागत नाही. कानाशी धरून हलवा. खुळखुळलं तर आतली बी नीट वाळलेली आहे. आवाज नाही आला तर ओलं. कवचाला टाचणीएवढं भोक दिसलं तर आत पाहुणा आहे. दहा-बारा जायफळं म्हणजे एका घरची दोन वर्षांची श्रीखंड-पुरणपोळीची बेगमी. जायपत्री मात्र बघून घ्या : ताजी लालभडक असते, वाळल्यावर नारिंगी-पिवळसर होते. वाळलेली म्हणून विकतात पण तशीच लालभडक असेल तर रंगाची शंका घ्या.

व्हॅनिला. शेंग बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे. न मोडता. तेलकट, गडद चॉकलेटी, १४-१५ सेंटिमीटर किंवा जास्त लांब. काडीसारखी कडक झालेली शेंग स्वस्तात देतात, घेऊ नका. शेंगेवर पांढरं काही दिसलं तर उजेडात धरा : सुईसारखे चकाकणारे कण असतील तर तो व्हॅनिलिनचा स्फटिक, उत्तम शेंगेचं लक्षण. मळकट, कापसासारखं, न चमकणारं असेल तर बुरशी. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ती कोरडी तरी पडते नाहीतर बुरसते. काचेच्या नळीत, घट्ट बूच लावून, अंधारात. "व्हॅनिला इसेन्स"च्या छोट्या बाटल्या विकतात, त्या बहुतेक कृत्रिम.

आणि केशर. बाजारात कोणीतरी "झांझिबार सॅफ्रन" म्हणून पिशवीभर नारिंगी काड्या पुढे करेलच, तेही हास्यास्पद स्वस्तात. झांझिबारमध्ये केशर पिकत नाही. ती करडईची फुलं आहेत. आपल्याच करडईची! सोलापूरकडच्या माणसाला ती विकत घेताना पाहवणार नाही. खात्री करायची तर कोमट पाण्यात चार काड्या टाका. करडई लगेच पिवळा रंग सोडते. केशर सावकाश सोनेरी होत जातं आणि काडी लालच राहते. शिवाय केशराच्या काडीचं एक टोक तुतारीसारखं उमललेलं असतं.

कुठे घ्यायचं? दाराजानी बाजारात. क्रीक रोडवर, जुन्या शहराच्या पूर्वेच्या कडेला, १९०४ सालची इमारत. मासळी-मटणाचा विभाग ओलांडावा लागतो, वासाची तयारी ठेवा. सुटा माल वजनावर मागा : "किलो", "नुसू" म्हणजे अर्धा, "रोबो" म्हणजे पाव.

---

माडबन

जायपत्री यांच्या बहुतेक सगळ्याला अनुमोदन, पण दाराजानीबद्दल थोडं वेगळं मत. बाजाराच्या दर्शनी बाजूचे गाळे आता निव्वळ पर्यटकांसाठी आहेत. तिथेही पुड्याच. आतल्या बाजूला, जिथे स्थानिक बायका तांदूळ आणि खोबरं घेत असतात, तिथल्या तराजूवाल्याकडे गेलं तर माल आणि भाव दोन्ही बरे.

मसाल्याच्या बागा दाखवायची सहल असते, किझिंबानीच्या बाजूला वगैरे. सहलीच्या शेवटी टेबल मांडून विक्री करतात. तिथे भाव बाजारापेक्षा चढे, पण जायफळ आणि व्हॅनिला तिथे बघून घेणं सोपं जातं, कारण झाड, फळ आणि वाळलेला माल एकाच ठिकाणी दिसतो. लवंग-दालचिनी बाजारातून घ्या. बागेत मोफत चव घेऊन नाक-डोळे तयार करायचे आणि बाजारात वापरायचे, हा क्रम उत्तम.

लवंगेचं तेल घेणार असाल तर काचेच्या बाटलीतलंच. त्यातलं युजेनॉल पॉलिस्टायरीनसारखं प्लास्टिक विरघळवतं, स्वस्त झाकण मऊ पडून गळती होते, आणि मग बॅगेतल्या कपड्यांचा वास दोन धुण्यांतही जात नाही. बुचाभोवती टेप, त्यावर छोटी स्टीलची डबी, आणि चेक-इनच्या बॅगेत. केबिन बॅगेत टाकायचं तर द्रवाची १०० मिलिलिटरची मर्यादा आहेच.

हलुआ कोणी सांगितला नाही. ओमानी वळणाचा, चिकट, चकचकीत तपकिरी, तूप-वेलची घातलेला. माडाच्या नव्हे, पण तशाच कुठल्याशा ताडवर्गी झाडाच्या पातीच्या विणलेल्या टोपलीत मिळतो. साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतो. टोपलीतून तूप झिरपतं, म्हणून घरून एक पसरट स्टीलचा डबा न्या. डब्याचा दुसरा उपयोग : टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, इथून नेलेल्या पिशव्या विमानतळावर काढून ठेवायला लावतात. दोन-तीन कापडी पिशव्या आणि दोन डबे असले की प्रश्न मिटला.

---

आडवा_धागा

कापडाकडे वळू. नातेवाइकांना द्यायला कांगाइतकी सोयीची वस्तू त्या शहरात दुसरी नाही. वजन कमी, घडी होते, फुटत नाही.

कांगा म्हणजे सुती छापील कापड, साधारण दीड मीटर बाय एक मीटर दहा. चारी बाजूंनी काठ ("पिंडो"), मध्ये वेगळी नक्षी ("म्जी"), आणि खालच्या काठाच्या वर एक ओळ छापलेली असते ("जिना", म्हणजे नाव). कांगा जोडीने विकतात. जोडीला "डोटी" म्हणतात. दोन्ही एकाच अखंड कापडावर छापलेले असतात, मधून कापून कडा शिवून घ्यायच्या. तेव्हा दुकानदाराने एका कांगाचा भाव सांगितला असं समजून दुप्पट पैसे देऊ नका. "डोटी मोजा?" असं विचारा, म्हणजे एका जोडीचा भाव कळतो. दहा नातेवाइकांना पाच डोटी पुरतात.

ती छापील ओळ वाचल्याशिवाय कांगा कोणाला देऊ नका. कांगाची सगळी गंमत त्या ओळीत आहे. बायका एकमेकींना तोंडाने न बोलता जे सुनवायचं ते कांगा नेसून सुनवतात. "वेमा हाउओझी" म्हणजे चांगुलपणा कुजत नाही – हा कोणालाही द्या. "हसिदी हाना सबाबू" म्हणजे जळणाऱ्याला कारण लागत नाही – हा जावेला दिला आणि तिने अर्थ शोधून काढला, तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. दुकानदाराला विचारलं की सांगतात, आणि सांगताना हसले तर तो कांगा परत ठेवा.

पारख : कापड दोन्ही हातांत धरून जोराने चोळा. पांढरी भुकटी पडून खाली जाळीसारखं विरळ कापड उरलं तर तो खळीचा जोर होता. उजेडात धरून विणीचा दाटपणा बघा. कापलेल्या कडेचा एक धागा ओढून दुकानाबाहेर काडीने पेटवा : सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक मणी बनतो. नक्षी पूर्ण उघडून बघा, चारी काठ सारखे आहेत का, ओळ मध्यभागी आहे का, छपाई सरकून रंगाला दुहेरी कड आली आहे का. आणि किनारीवर छापलेलं गिरणीचं नाव वाचा. बरेच कांगा भारतात छापून तिकडे जातात. त्यात वाईट काही नाही, पण झांझिबारहून आणलेल्या भेटीवर भारतातली गिरणी निघाली तर नातेवाईक चिडवणार.

रंग जातो, विशेषतः लाल आणि काळा. पहिली दोन धुणी वेगळी, गार पाण्यात. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण छापील कापडावर त्याचा उपयोग होत नाही. जादा रंग निघून जाईपर्यंत वेगळं धुणं हाच इलाज.

कडा शिवायला तिथेच "फुंडी" म्हणजे शिंपी बसलेले असतात, मशीन दुकानाच्या ओट्यावरच. सकाळी टाकलं तर संध्याकाळी मिळतं. नाहीतर घरी आणून पिको करा.

किकोई वेगळं : हातमागावरच्या लुंगीसारखं, पट्ट्यापट्ट्यांचं, टोकाला गोंडे. पुरुषांसाठी ते छान. किटेंगे म्हणजे जाड मेणछपाईचं कापड, बहुधा ६ वारांचा तुकडा. उलटी बाजू बघा : चांगल्या मेणछपाईत दोन्ही बाजूंचा रंग जवळपास सारखा असतो, नकलेत उलट बाजू फिकी.

हे सगळं केन्याटा रोडवरच्या वातानुकूलित दुकानांत नको. दाराजानीच्या मागच्या कापडगल्ल्यांत स्थानिक ग्राहक असतात, तिथे भाव वाजवी आणि घासाघीसही फार लागत नाही. हो, त्या भागात खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. मुस्लिमबहुल जुनं शहर आहे, आणि तसे कपडे असले की बोलणंही मोकळं होतं.

---

कसोटी_दगड

टांझानाइट : हौस असेल आणि रत्नपारख्याची पावती-प्रमाणपत्र देणारं दुकान असेल तरच. नाहीतर तो पैसा कापडात घाला.

हा खडा झांझिबारचा नाहीच. जगात तो एकाच ठिकाणी निघतो, उत्तर टांझानियात किलीमांजारोच्या पायथ्याशी, मेरेलानीच्या टेकड्यांत. १९६७ साली सापडला. बाजारातले जवळपास सगळे निळे खडे भट्टीत तापवून निळे केलेले असतात, मुळात तपकिरी असतात. ते फसवणुकीत मोडत नाही, सगळीकडे तीच रीत आहे. फसवणूक काचेची असते. खडा चिमट्यात धरून उजेडात सावकाश फिरवा. टांझानाइट एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने जांभळा दिसतो. काच सगळीकडून सारखीच दिसते. भिंगाने बघताना आत गोल बुडबुडे दिसले तर काच. काठिण्य (हिऱ्याचं १० धरलं तर) ६ ते ७ च्या मध्ये, म्हणजे रोज वापरायच्या अंगठीत चरे पडतात आणि ठोका बसला तर चिरतो. पेंडंट किंवा कानातल्यासाठी बरा. घरी सोनाराकडे अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला देऊ नका, तडा जातो. रस्त्यावर कोणी रुमालात बांधलेले कच्चे, न कापलेले खडे दाखवले तर बघायलाही थांबू नका. ते देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

लाकूड : माकोंडे (तिथल्या एका जमातीच्या कोरीवकामाच्या) मूर्ती म्पिंगो नावाच्या काळ्या लाकडाच्या. खरं म्पिंगो पाण्यात बुडतं इतकं जड. मुठीएवढी मूर्ती हातात दगडासारखी लागली पाहिजे. हलक्या लाकडाला बुटाचं काळं पॉलिश फासून विकतात. पांढरा रुमाल ओला करून बुडाला घासा, बूड नखाने खरवडा, आणि वास घ्या. म्पिंगोच्या बाहेरच्या थराची फिकट पिवळसर कड काही मूर्तींत मुद्दाम ठेवतात, ती दिसली तर चांगली खूण. बुडाच्या भेगा मेण आणि भुशाने बुजवलेल्या असतात, तिकडे बोट फिरवा. कच्च्या लाकडाची मूर्ती आपल्या कोरड्या हिवाळ्यात तडकते. आणल्यावर महिनाभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, पंख्याखाली किंवा उन्हात नको. म्पिंगो साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, पण तयार वस्तूंना १० किलो लाकडापर्यंत सूट आहे, त्यामुळे एक-दोन मूर्तींना अडचण नाही. पावती मात्र बॅगेत असू द्या. किडीची बारीक भोकं आणि भुकटी दिसली तर ती मूर्ती सोडा.

चित्रं : टिंगाटिंगा शैली १९६० च्या दशकात दार-एस-सलाममध्ये सुरू झाली, सायकलीच्या इनॅमल रंगात. गिझेंगा स्ट्रीटवर आणि जुन्या किल्ल्याच्या आवारात भिंतीच्या भिंती भरलेल्या दिसतील. एकच जिराफ वीस दुकानांत दिसतो, तेव्हा पहिल्याच ठिकाणी भुलू नका. इनॅमल वाळायला दिवस लागतात. कोपऱ्यात बोट हलकेच टेकवा : चिकटलं तर ते चित्र नको, गुंडाळल्यावर स्वतःलाच चिकटेल. चौकटीवरून कॅनव्हास सोडवून मागा. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर, आत घेतली तर रंगाला सुरकुत्या आणि भेगा पडतात. आणि मनगटाएवढ्या बारीक नळीवर नको, वीतभर घेराची जाड नळी मागा.

अडवण्याजोगं : हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू बेकायदा आहेत, तिथेही आणि इथेही. शंख-शिंपले, प्रवाळ किनाऱ्यावरून उचललेले असोत की विकत घेतलेले, आणूच नका. बियाणं, रोप, मातीसकट काहीही परवान्याशिवाय भारतात आणता येत नाही, त्यामुळे व्हॅनिलाची वेल किंवा लवंगेचं रोप डोक्यातून काढून टाका. "शंभर वर्षं जुनं" म्हणून पितळी खिळ्यांची पेटी किंवा दरवाजाची चौकट दाखवतील. बहुतेक नवीच असते. खरंच जुनी असेल तर निर्यात परवाना लागेल. दोन्हीकडून नको.

---

वाटसरू_७

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एकच राहिलं : शुक्रवारी दुपारी दुकानं बंद, मग क्रम कसा लावू?

---

गलबत

गुरुवारी संध्याकाळी काहीही घेऊ नका. गिझेंगा स्ट्रीट आणि हुरुम्झीच्या गल्ल्या फिरून चित्रं, मूर्ती यांचे भाव नुसते विचारून ठेवा, मग फोरोधानी बागेत जेवण. शुक्रवारी सकाळी साडेआठ-नऊला दाराजानी : आधी कापड, कांगा लगेच फुंडीकडे, मग मसाल्यांचे नमुने दोन-तीन ठिकाणांहून. साडेअकरापर्यंत बाहेर पडा. दुपारी खोलीवर लवंगांची पाण्याची परीक्षा. चारनंतर चित्रं-मूर्ती, आणि परतताना शिवलेले कांगा. शनिवारी सकाळी परत दाराजानी, पसंत पडलेल्या गाळ्यावर पुरी मसालाखरेदी. हलुआ सगळ्यात शेवटी.

उरलेले शिलिंग तिथेच डॉलरमध्ये बदलून घ्या, आपल्याकडे ते कोणी घेत नाही.

---

आडवा_धागा

फुंडीकडे कापड देताना एक सांगायचं राहिलं : जोडी मधोमध कापण्यापूर्वी दोन्ही कांगांच्या काठांमधली पांढरी पट्टी त्याला बोटाने दाखवा. घाईत तो काठातूनच कात्री चालवतो, आणि मग एका कांगाचा काठ दोन बोटं आणि दुसऱ्याचा चार बोटं होतो.